मार्चमधल्या पानाची हजेरी

चिकमगळूरजवळ बाबाबुडनगिरीच्या उतारांवर, साधारण १००० ते १५०० मीटर उंचीवर, अरेबिका कॉफीचे मळे आहेत. तिथे मजुरांची हजेरी बारा महिने ठरल्या वेळी लागते. पानांची हजेरी मात्र ऋतूवर चालते. मार्च संपत आला आहे. फळांची तोडणी आटोपून दोनेक महिने झाले, आणि वळीव अजून आलेला नाही. अशा दिवसाचा हा दिनक्रम.

पहाटे ५.३०

अंधारात प्रकाशसंश्लेषण नाही, फक्त श्वसन. काल कमावलेल्या साखरेतलीच थोडी रात्रभर खर्च होत असते. पण रात्रीचा एक फायदा आहे. पानांतून वाफ जाणं जवळपास थांबतं, आणि मुळांनी ओढलेलं पाणी खोडातून फांदीच्या टोकापर्यंत चढतं. काल दुपारी मलूल पडलेली पानं आता ताठ झाली आहेत.

सकाळी ६.३० ते ९

दिवसाची खरी कमाई याच वेळात होते. कॉफीच्या पानाला रंध्रं असतात ती फक्त खालच्या बाजूला. उजाडलं की ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. सकाळची हवा दमट असल्यामुळे कार्बनच्या बदल्यात फार पाणी द्यावं लागत नाही. आठच्या सुमाराला मेस्त्री मजुरांची नावं पुकारतो, तोवर पानाचं बरंचसं काम उरकलेलं असतं.

डिसेंबर-जानेवारीत मात्र पानच उशिरा येतं. रात्र गारठलेली, त्यामुळे ऊन पडलं तरी अंगात ऊब येईपर्यंत काम मंद. त्या महिन्यांत नवी पालवीही फारशी फुटत नाही.

सकाळी १०

हवा कोरडी होऊ लागते आणि रंध्रं मिटायला लागतात. अरेबिका या बाबतीत फार हळवी आहे. बुंध्याशी ओल असली तरी भोवतालची हवा तहानलेली असेल, तर ती दार ओढून घेते. पाणी वाचतं, पण कमाईही थांबते.

ऑक्टोबरमध्ये याच वेळी वेगळं चित्र असतं. पाऊस ओसरलेला, ऊन परतलेलं, जमिनीत ओल आणि हवेत दमटपणा. रंध्रं जास्त वेळ उघडी राहतात. झाडाला तेव्हा त्याची गरजही असते, कारण फळांतला दाणा त्याच सुमाराला भरत असतो.

दुपारी १२.३०

ऊन डोक्यावर आलं आहे, पण पानाला ते नको आहे. अरेबिका मूळची इथिओपियाच्या डोंगराळ जंगलातली, मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारी. भर उन्हाच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यातच एकेका पानाचं भागतं. रंध्रं मिटलेली असताना वरचं ऊन नुसतं निरुपयोगी नसतं, अपायकारक असतं: पान पिवळं पडतं, करपतं.

म्हणून मळ्यावर दोन मजली सावली असते. वर मिरीचे वेल अंगावर घेतलेले सिल्व्हर ओक, फणस, उंबराच्या जातीची झाडं, खाली पांगारा. सावलीत पान थंड राहतं आणि रंध्रं थोडी उशिरा मिटतात. शिवाय खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला उन्हात तापलेली खोडं आवडतात. एप्रिल-मेमध्ये त्याची मादी अंडी घालायला निघते, त्याआधी बुंध्यावर सावली असलेली बरी.

दुपारी ३

पान स्वस्थ. जुलैतही या वेळी ते जवळपास स्वस्थच असतं, पण कारण उलटं. तेव्हा पाणी हवं त्याहून जास्त असतं आणि तुटवडा उजेडाचा असतो. आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही, मुळांशी पाणी तुंबतं, पानं आणि कोवळी फळं गळतात, पानं-फळं कुजवणाऱ्या कोळेरोगाला आयतं निमित्त मिळतं. मार्चमध्ये जीव वाचवणारी सावली जुलैत झाडाचा घास काढून घेते. म्हणून पावसाच्या तोंडाशी पांगाऱ्याच्या फांद्या उतरवतात; पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या पुन्हा फुटून येतात.

संध्याकाळी ५

पश्चिमेला ढग दाटतात आणि वळीव कोसळतो. मळेवाले याला ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात. गेल्या पावसाळ्यानंतर धरलेले कळे कोरड्या महिन्यांत तसेच खुजे थांबून होते. ही कोरड नुसती सोसायची गोष्ट नाही, ती बहराला लागते. कोरडीनंतर भरपूर पाणी मिळालं की सगळे कळे एकदमच जागे होतात आणि आठ-दहा दिवसांत अख्खा मळा पांढरा होतो. कोलंबियाच्या काही भागांत वर्षभर पाऊस पडतो, तिथे बहर विखुरतो. एकाच फांदीवर फुलं, हिरवी आणि पिकली फळं दिसतात, आणि तोडणी लांबत जाते.

रात्री ८

आता फोन सुरू होतात. मळेवाले पाऊस इंच आणि सेंटमध्ये मोजतात. शंभर सेंट म्हणजे एक इंच. ‘आमच्याकडे नव्वद सेंट, तुमच्याकडे?’ इंचभर पडला तर समाधान. अगदीच शिंतोडा असेल तर काही कळे फुलतात, काही तसेच राहतात. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी सर यावी लागते, नाहीतर धरलेलं फळ टिकत नाही.

झाडाचा हिशेब मात्र एका वर्षात मिटत नाही. अरेबिकाची फुलं गेल्या हंगामात वाढलेल्या फांदीवर येतात, आणि पुढच्या वर्षाची फुलं यंदा फुटणाऱ्या फांदीवर येणार. यंदाच्या फळांना आणि नव्या फांदीला साखर पुरवणारी पानं तीच. बहर फार लागला तर फळं बहुतेक सगळं ओढून घेतात, नवी फांदी खुरटते, टोकाकडून वाळतेसुद्धा, आणि पुढचं पीक पडतं. एकाआड एक वर्ष येणारी मंदी अशी लागते.

म्हणून पाऊस चांगला पडला तरी मळेवाला उद्या सावलीला हात लावत नाही. पान अजून दोन महिने सकाळच्याच हजेरीवर काम करणार आहे. कोयता निघेल तो जूनच्या तोंडाशी, उजेड महाग होण्याआधी.