सीडी एक, वाचणारे अनेक

कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांबरोबर आलेल्या सीडी-डीव्हीडी कपाटात पडून असतात. नव्या लॅपटॉपला बहुधा ड्राइव्हच नसतो, मग मुलांनी त्या बघायच्या कुठे? त्या नेटवर्कवर आणायचं ठरलं की सगळे आधी डिस्क मोजायला बसतात. त्याआधी एक अंदाज घ्यावा: एकच डिस्क एका वेळी किती जण उघडणार?

ड्राइव्हच शेअर केला तर

एका वाचकापुरतं हे चालतं. पण ड्राइव्हमध्ये वाचणारं भिंग एकच असतं. एकाला आतल्या कडेची फाइल हवी, दुसऱ्याला बाहेरच्या कडेची, की ते सारखं इकडून तिकडे पळतं. कान देऊन ऐका, करकर ऐकू येते. अशा प्रत्येक फेरीला साधारण एक दशांश सेकंद जातो. हार्ड डिस्कला याच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ लागतो. ड्राइव्हवर छापलेला ‘५२ एक्स’ वेग फक्त बाहेरच्या कडेला आणि सलग वाचतानाच मिळतो. पाच मुलांनी एकदम डिस्क उघडली, तर त्याचा काही उपयोग नाही.

टॉवर आणि ज्यूकबॉक्स

१९९० च्या दशकात मोठ्या ग्रंथालयांत टॉवर असत. एकावर एक रचलेले सात किंवा चौदा ड्राइव्ह, प्रत्येकात एक डिस्क कायमची. ज्यूकबॉक्समध्ये शेकडो डिस्क मावत, पण ड्राइव्ह मोजकेच. यांत्रिक हात डिस्क बदलेपर्यंत थांबावं लागे. स्वस्तात मिळतोय म्हणून आज जुना टॉवर घेऊ नका. असे जुने सर्व्हर बहुधा एसएमबी-१ या पद्धतीने बोलतात, आणि २०१७ नंतरच्या विंडोजमध्ये ती सहसा बंदच असते.

इमेज करून ठेवा

माझा कौल यालाच. इमेज म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, आयएसओ फाइल. सीडीची जास्तीत जास्त ७०० एमबी धरली, तरी ३०० सीडींना २१० जीबी पुरतात. दोन हार्ड डिस्कचा, एकीची नक्कल दुसरीवर ठेवणारा साधा नॅस (नेटवर्कवरून फाइल देणारा साठवणीचा डबा) घ्या आणि तो केबलने गिगाबिट नेटवर्कला जोडा. विंडोज ८ पासून आयएसओवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते. मुलांना परवानगी फक्त वाचण्याची द्या. ही गोष्ट विसरू नका. गाण्यांच्या सीडीची मात्र आयएसओ होत नाही, ती गाणी वेगळी उतरवावी लागतात.

इमेज करण्याआधी डिस्क मऊ कापडाने पुसा. मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसताना पडलेला ओरखडा माहितीच्या वाटेलाच समांतर जातो आणि सलग तुकडा वाचता येईनासा होतो. घरी लिहिलेल्या सीडी आधी घ्या, त्यांच्यातला रंगाचा थर काळाबरोबर खराब होतो. अडणाऱ्या डिस्कसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे मोफत साधन वापरा. ते वाचता येणारा भाग आधी उतरवतं आणि अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं.

परवाना

डिस्क ग्रंथालयाच्या मालकीची असली, तरी ती नेटवर्कवर द्यायचा हक्क आपोआप मिळत नाही. पाकिटावर एकाच संगणकापुरता परवाना असेल तर प्रकाशकाला पत्र लिहून विचारा आणि उत्तर फाइलला लावून ठेवा.

पैसे भरण्याआधी

सर्वांत जास्त मागणी असलेल्या दहा डिस्क निवडा, त्यांच्या इमेज ग्रंथालयातल्याच एका पीसीवर ठेवून शेअर करा, आणि पाच मुलांना एकाच वेळी एकच डिस्क उघडायला सांगा.