मालीची पोरं नवी मुंबई सोडून दिल्लीला का गेली? फुटबॉल स्पर्धेचं वेळापत्रक, वैर आणि व्हिसा

ऑक्टोबर २०१७ मध्ये अंडर-१७ फुटबॉल वर्ल्ड कप भारतात झाला. आंबी, तळेगाव, लोणावळा या आपल्या पट्ट्याला सगळ्यात जवळचं मैदान होतं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. एक्स्प्रेस-वे धरला की घाट उतरून पोहोचता येतं. तिथे पहिल्या दिवशी, ६ ऑक्टोबरला, तुर्कस्तान, न्यूझीलंड, पॅराग्वे आणि माली खेळले. शुक्रवार होता. पहिली मॅच पाचला, दुसरी आठला. म्हणजे मगरिब बरोबर पहिल्या मॅचच्या सेकंड हाफमध्ये. कुटुंबासह जाणाऱ्यांनी हा हिशोब आधीच करून ठेवावा, कारण स्टेडियमचं वेळापत्रक टीव्हीच्या सोयीने ठरतं, आपल्या सोयीने नाही.

मालीच्या संघाचा प्रवास पाहिला तर वेळापत्रक म्हणजे काय चीज आहे ते कळतं. ६ आणि ९ तारखेला ते नवी मुंबईत खेळले. पॅराग्वेकडून ३-२ ने हरले, मग तुर्कस्तानला ३-० ने हरवलं. १२ तारखेला दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध जिंकले. १७ ला गोव्यात मडगावला इराकला ५-१. २१ ला गुवाहाटीत पावसाने भिजलेल्या मैदानावर घानाला २-१. २५ ला परत नवी मुंबईत स्पेनविरुद्ध सेमीफायनल, तिथे ३-१ ने हरले. आणि २८ ला कोलकात्यात तिसऱ्या नंबरासाठी ब्राझीलशी मॅच. नकाशावर सरळ रेषेत मोजलं तरी साडेआठ हजार किलोमीटरच्या आसपास. सतरा वर्षांच्या आतली पोरं आणि दोन मॅचमध्ये कधी तीन, कधी चारच दिवस!

त्याच स्पर्धेत इराण बघा. गटातल्या तिन्ही मॅच मडगावला. जर्मनीला तिथेच ४-० ने हरवलं. नंतर मेक्सिकोला हरवलं तेही मडगावलाच. बॅग भरून निघावं लागलं ते थेट कोचीला, क्वार्टरफायनलसाठी. तिथे स्पेनने ३-१ ने घरी पाठवलं. स्पर्धा एक, नियम एक, पण एका संघाने देशभर विमानं बदलली आणि दुसरा दोन आठवडे एकाच गावात राहिला.

हा भेदभाव होता का? नाही. मालीचा पुढचा प्रवास बाद फेरीच्या तक्त्याने ठरला. पण गटातली तिसरी मॅच खेळायला दिल्लीला जावं लागलं, त्याचं मूळ शोधायला १९८२ पर्यंत मागे जावं लागतं, आणि ती गोष्ट एका मुस्लिम देशाची आहे.

त्या वर्षी स्पेनमधल्या वर्ल्ड कपमध्ये अल्जेरिया पहिल्यांदाच खेळत होता. १६ जूनला त्यांनी पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवलं आणि सगळं जग चाट पडलं. पुढे ऑस्ट्रियाकडून हरले, पण २४ जूनला चिलीला ३-२ ने हरवून मोकळे झाले. गटातली शेवटची मॅच, पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया, दुसऱ्या दिवशी गिहोन शहरात होती. म्हणजे दोन्ही संघांना आधीच माहीत होतं की जर्मनी एक किंवा दोन गोलने जिंकली तर दोघंही पुढे जातात आणि अल्जेरिया बाहेर पडतो. जर्मनीने सुरुवातीलाच एक गोल केला. त्यानंतर दोन्ही संघ बॉल इकडून तिकडे फिरवत बसले. १-० वर मॅच संपली. अल्जेरियाने तक्रार केली, ती फेटाळली गेली, कारण कुठलाच लेखी नियम मोडला नव्हता.

नियम मोडला नसला तरी लाज वाटावी असाच प्रकार होता. पुढच्या, म्हणजे १९८६ च्या वर्ल्ड कपपासून गटातल्या शेवटच्या दोन मॅच एकाच वेळी सुरू करायचं ठरलं. आता एका मैदानावर एकाच वेळी दोन मॅच कशा होणार? म्हणून एक मॅच दुसऱ्या शहरात न्यावी लागते. १२ ऑक्टोबर २०१७ ला संध्याकाळी पाच वाजता तुर्कस्तान-पॅराग्वे नवी मुंबईत आणि माली-न्यूझीलंड दिल्लीत, त्याच मिनिटाला सुरू झाली. रात्री आठला उलट: भारत-घाना दिल्लीत, अमेरिका-कोलंबिया नवी मुंबईत. अल्जेरियावर झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून मालीला विमानात बसावं लागलं, असं म्हटलं तरी चालेल. (अल्जेरिया आणि जर्मनी २०१४ ला पुन्हा भिडले, ऐन रमजानात. जर्मनी जिंकली, पण एक्स्ट्रा टाइममध्ये घाम गाळून.)

वेळापत्रक लिहिलं म्हणजे काम संपलं असंही नाही. गुवाहाटीचं मैदान पावसाने इतकं खराब झालं की ब्राझील-इंग्लंड सेमीफायनल दोन दिवस आधी कोलकात्याला हलवावी लागली. ब्राझील २२ तारखेला कोलकात्यातच जर्मनीविरुद्ध खेळला होता, त्यामुळे त्यांना बदल सोयीचा होता. तरी ३-१ ने जिंकलं इंग्लंडच. गुवाहाटीच्या तिकीटवाल्यांना तिकिटाचे पैसे परत मिळायची सोय झाली, हॉटेल आणि गाडीभाड्याचं नुकसान मात्र ज्याचं त्याने सोसायचं.

आता वैराचं बघू. राजकीय भांडण असलेले देश एकमेकांसमोर येऊ नयेत याची काळजी चिठ्ठ्या काढतानाच घेतली जाते. युरोपच्या पात्रता फेरीत कोसोवो-सर्बिया, कोसोवो-बोस्निया, युक्रेन-बेलारूस अशा जोड्या एका गटात टाकत नाहीत. त्याच यादीला लागून प्रवासाचाही नियम आहे: कझाकस्तानसारख्या दूरच्या देशाच्या गटात पश्चिम टोकाचे फार देश येऊ देत नाहीत. वैर आणि अंतर, दोन्ही एकाच कागदावर.

दक्षिण आशियात अशी पळवाट नाही. सॅफ स्पर्धेत देशच मोजके, म्हणून भारत-पाकिस्तान कधी ना कधी समोरासमोर येणारच. २०२३ ला ही स्पर्धा बेंगळुरूत झाली आणि २१ जूनला पहिल्याच दिवशी ही मॅच लागली. पाकिस्तानचा संघ मॉरिशसमध्ये खेळत होता. व्हिसा उशिरा मिळाला. मुंबईमार्गे येताना सगळ्यांना एका विमानात जागा नाही, म्हणून गट पाडून यावं लागलं आणि संघ बेंगळुरूत पोहोचला तो मॅचच्या दिवशीच. संध्याकाळी साडेसातला मैदानात. भारत ४-० ने जिंकला, सुनील छेत्रीची हॅटट्रिक. भारत तसाही वरचढ होता, निकाल बहुतेक तोच लागला असता. पण प्रवासाने थकलेल्या संघाला हरवण्यात अर्धी मजा जाते, असं मला वाटतं. वैर मैदानात असावं, व्हिसाच्या खिडकीवर नको.

आणि या मॅचच्या दिवशी आपल्या मुलांना शाळेत, कट्ट्यावर तो नेहमीचा प्रश्न येतो, "तुम्ही कोणाकडून?" या प्रश्नाने मूल गोंधळतं, कधी चिडतं. घरी आधीच बोलून ठेवलेलं बरं. त्या दिवशी भारताच्या संघात साहल अब्दुल समद, आशिक कुरुनियन आणि अन्वर अली होते. अन्वर तर २०१७ च्या अंडर-१७ संघातलाच, कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचा जोडीदार. मालीसाठी किंवा इराणसाठी टाळ्या वाजवणं आणि भारताचं असणं यात काही भांडण नाही. केरळ-बंगालमध्ये लोक पिढ्यान्‌पिढ्या ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लावतात, त्यांना कोणी काही विचारत नाही.

राजकारणाने अख्खी स्पर्धाही हलते. मार्च २०२३ मध्ये इंडोनेशियाकडून अंडर-२० वर्ल्ड कप काढून घेतला गेला, कारण बालीच्या गव्हर्नरने इस्रायलच्या संघाला विरोध केला होता. स्पर्धा अर्जेंटिनाला गेली. फिलिस्तीनच्या बाजूने असलेली भावना खरी होती, पण घरच्या वर्ल्ड कपची वाट पाहणाऱ्या इंडोनेशियाच्या मुलांची स्पर्धा गेली, हेही खरं. त्याच वर्षी त्यांना अंडर-१७ ची यजमानी मिळाली, पण ती दुसऱ्या वयाच्या मुलांसाठी.

२०२६ च्या वर्ल्ड कपला ४८ संघ, तीन देश आणि १६ शहरं ठेवली, तेव्हा प्रवास कमी व्हावा म्हणून शहरांचे पश्चिम, मध्य आणि पूर्व असे विभाग पाडले गेले. व्हिसाचा प्रश्न विभाग पाडून सुटत नाही. जून २०२५ च्या अमेरिकी आदेशात इराणवर प्रवासबंदी आली. त्यात खेळाडू आणि कोचना सूट होती, साध्या प्रेक्षकांना नाही.

आपल्याकडे पुन्हा मोठी स्पर्धा आली आणि मुलांना घेऊन नेरूळला किंवा बालेवाडीला जायचं ठरलं, तर गटातल्या पहिल्या दोन फेऱ्यांची तिकिटं घ्या. तेव्हा कोणते संघ कुठे खेळणार हे पक्कं असतं. बाद फेरीचं तिकीट घेताना संघाचं नाव कागदावर नसतं, फक्त "गट ब, पहिला" असं काही लिहिलेलं असतं. आठची मॅच सुटायला दहा वाजतात, त्यानंतर घाट चढून तळेगाव, मग आंबी. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर पाचची मॅच बरी.