पेशींतील घड्याळ आणि कर्करोग

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे २४ तासांचे जैविक घड्याळ चालते. ‘क्लॉक’ व ‘बीमॅल-१’ या जनुकांची प्रथिने ‘पिरियड’ आणि ‘क्रिप्टोक्रोम’ या जनुकांना चालना देतात. त्यांची प्रथिने पेशीत साचत गेली की ती चालना देणाऱ्या जोडीलाच रोखतात, आणि कालांतराने त्यांचे विघटन झाल्यावर चक्र नव्याने सुरू होते. फळमाशीवरील प्रयोगांतून या घड्याळाची रचना उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीविभाजनाला आवर घालणारे ‘वी-१’ आणि अतिनील किरणांनी दुखावलेल्या डीएनएच्या दुरुस्तीत भाग घेणारे ‘एक्सपीए’ या प्रथिनांची पातळीही याच घड्याळानुसार चढते-उतरते, त्यामुळे ते बिघडल्यास विभाजन आणि दुरुस्ती यांचा मेळ सुटू शकतो. ‘पिरियड-२’ सदोष असलेल्या उंदरांत गॅमा किरणांच्या माऱ्यानंतर अर्बुदे अधिक होतात, असे २००२ मध्ये आढळले. तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, शरीराच्या दैनिक लयीत व्यत्यय आणणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. तरीही घड्याळ सुरळीत तर कर्करोग दूर, हे समीकरण अर्धवटच म्हणावे लागेल, कारण ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगातील मूळपेशी जगण्यासाठी बीमॅल-१ आणि क्लॉक यांवरच विसंबून असतात.

रोगप्रतिकारक पेशीही वेळ पाळतात. कर्कपेशींना मारणाऱ्या ‘टी’ पेशींचे अर्बुदातील प्रमाण दिवसभर सारखे राहत नाही, हे उंदरांत दिसले आहे, आणि या पेशींवरील लगाम सैल करणाऱ्या औषधांच्या, म्हणजे इम्युनोथेरपीच्या, दृष्टीने ते महत्त्वाचे ठरते. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात, मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांना किमान एक पंचमांश मात्रा दुपारी साडेचारनंतर मिळाल्या, ते इतरांच्या तुलनेत कमी काळ जगले. हा अभ्यास जुन्या नोंदींवर आधारलेला होता आणि वेळा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या नव्हत्या, म्हणून उशिरा येणाऱ्यांची प्रकृतीच वेगळी असण्याची शक्यता उरते. शिवाय ही औषधे म्हणजे प्रतिपिंडे असून ती रक्तात कित्येक आठवडे टिकतात, तेव्हा पहिल्या काही तासांना एवढे महत्त्व कसे, हा प्रश्न उपस्थित होतो. त्यावर, औषध प्रथम पोहोचते त्या वेळी अर्बुदात किती टी पेशी हजर आहेत यावर पुढचा प्रतिसाद अवलंबून असावा, असे स्पष्टीकरण मांडले जाते.