ग्रास कटर ठेवून देताना पेट्रोलपासून जपा

पावसाळा संपला की पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर पुढच्या हंगामापर्यंत ठेवून दिला जातो. टाकीत राहिलेले जुने पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर चोंदतो, म्हणून टाकी रिकामी करणे योग्यच. पण नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. थोडेसे पेट्रोल श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसांना गंभीर सूज येऊ शकते.

काय काळजी घ्यावी?
- इंजिन थंड झाल्यावर, मोकळ्या हवेत मशीन तिरके करून नरसाळ्याने पेट्रोल काढा.
- उरलेले पेट्रोल जाळण्यासाठी मशीन बंद खोलीत चालवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो, त्याला वासही नसतो.
- पाते साफ करण्यापूर्वी स्पार्क प्लगची कॅप काढा.
- पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. मुले ते पाणी समजून पिऊ शकतात.

पेट्रोल पोटात गेल्यास?
उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. उलटीमुळे पेट्रोल फुप्फुसांत जाण्याचा धोका वाढतो. पेट्रोल सांडलेले कपडे काढा, त्वचा साबणाने धुवा आणि रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या. खोकला, धाप ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. त्यामुळे रुग्णाला बरे वाटत असले तरी तपासणी टाळू नका.