पहिल्या सेमिस्टरचा हिशेब

न्यू जर्सीतल्या एडिसनहून मावसबहिणीचा फोन आला तेव्हा आमच्याकडे सकाळचे साडेसात वाजले होते, म्हणजे तिच्याकडे रात्रीचे दहा. तिची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला वकील व्हायचंय. "अगं, कॉलेज म्हणतं तिचा जीपीए ३.८०. लॉ स्कूलच्या अर्जात मात्र ३.६५ धरलाय. कागद तेच, मग मार्क कमी कसे झाले?" तिचा आवाज रडवेला होता. मी वही घेऊन बसले.

अमेरिकेत कायद्याचं शिक्षण पदवीनंतर सुरू होतं. पदवी कुठल्याही विषयाची चालते, संगीताची किंवा रसायनशास्त्राचीसुद्धा. त्यानंतर तीन वर्षांची जेडी. प्रवेश देताना सगळ्यात आधी दोन आकडे पाहिले जातात. एक एलसॅट या परीक्षेचा, जो १२० ते १८० च्या दरम्यान असतो. दुसरा पदवीच्या वर्षांतल्या ग्रेडची सरासरी, म्हणजे जीपीए. निबंध, शिफारसपत्रं, नोकरीचा अनुभव हे सगळं वाचतात, पण त्या दोन आकड्यांनी अर्ज आधीच कुठल्या तरी गठ्ठ्यात नेऊन ठेवलेला असतो.

हा जीपीए कॉलेजने दिलेला नसतो, इथेच मावसबहिणीची गफलत झाली होती. प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट एलसॅक नावाच्या संस्थेकडे जाते. एलसॅट घेणारी संस्थाही हीच. ती सगळ्या ग्रेड एकाच मापाने पुन्हा मोजते: ए म्हणजे ४, ए-मायनस ३.६७, बी-प्लस ३.३३. ए-प्लसला ४.३३ मिळतात, त्यामुळे ज्या कॉलेजात ए-प्लस देतात तिथल्या मुलांची सरासरी चारच्या वरही जाऊ शकते. पहिली पदवी मिळेपर्यंत कुठल्याही कॉलेजात घेतलेले विषय त्यात येतात, अगदी शाळेत असताना कॉलेजच्या क्रेडिटसाठी केलेलेसुद्धा. पदवीनंतर एमए करून उत्तम ग्रेड मिळवल्या तर त्या फाइलमध्ये दिसतात, पण या सरासरीला हात लावत नाहीत.

आता भाचीचा हिशेब. पहिल्या सेमिस्टरला तिचे १५ क्रेडिट होते. ११ क्रेडिटच्या विषयांत बी, म्हणजे ३३ गुण. चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीत एफ, म्हणजे शून्य. त्या डिसेंबरात तिच्या बाबांचं बायपास झालं होतं आणि शेवटच्या परीक्षेच्या दिवशी ती हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसली होती. विषय सोडून द्यायची तारीख केव्हाच उलटली होती. अठरा वर्षांच्या मुलीला कुणी सांगितलंही नाही की कॉलेजच्या ऑफिसात जाऊन परीक्षा पुढे ढकलून मागता येते. पुढच्या वर्षी तिने केमिस्ट्री पुन्हा घेतली आणि ए मिळवला. ती धरून नंतरच्या ८५ क्रेडिटचे तिचे ३३२ गुण आहेत. एकूण ३६५. कॉलेज नापास झालेले चार क्रेडिट पुसून टाकतं आणि ३६५ ला ९६ ने भागतं: ३.८०. एलसॅक ते चार क्रेडिट धरतं आणि १०० ने भागतं: ३.६५.

आपल्याकडे केटी निघाली की विषय संपला. पुढे कुणी विचारत नाही की दुसऱ्या सेमिस्टरला कशात अडकला होतास. तिथे ट्रान्सक्रिप्टवर पहिली ग्रेड आणि तिचे क्रेडिट छापलेले असले तर पुन्हा दिलेला विषय दोन्ही वेळा मोजला जातो. यामागचं कारण मला कळतं. एखादं कॉलेज जुनी ग्रेड पुसतं, दुसरं पुसत नाही. सगळ्यांना एका तराजूत तोलायचं तर नियम एकच हवा. तरीही मला हे पटत नाही. पडलेल्या विषयाला पुन्हा बसून त्यात ए मिळवणाऱ्या मुलीने चिकाटीचा पुरावा दिलेला असतो, आणि हा तराजू नेमका तोच पुरावा तिच्या विरुद्ध वापरतो.

०.१५ ने एवढं काय बिघडतं? इथे मध्यक कामाला येतो. प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला नव्या वर्गाच्या एलसॅटचा आणि जीपीएचा मध्यक दरवर्षी जाहीर करावा लागतो. वर्गातली मुलं जीपीएप्रमाणे रांगेत उभी केली तर बरोब्बर मधल्या मुलाचा आकडा म्हणजे मध्यक. समजा एखाद्या लॉ स्कूलचा मध्यक ३.७ आहे. ३.८० वाली मुलगी तो वर ढकलते, ३.६५ वाली खाली ओढते. देशभर गाजणाऱ्या क्रमवारीत हे मध्यक मोजले जातात, म्हणून त्यांची काळजी मुलांइतकीच लॉ स्कूलांनाही असते. येल आणि हार्वर्डने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच दिवशी त्या क्रमवारीतून अंग काढून घेतलं आणि नंतर यादीतलं या आकड्यांचं वजन घटलं. पण सवय मोडलेली नाही. एलसॅट भरघोस आणि जीपीए पडका अशा मुलाला तिथे 'स्प्लिटर' म्हणतात. एका आकड्याने दुसऱ्याला सावरून धरायचं, अशी त्याची आशा असते.

ही आकडेमोड जुनी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये १९७१ च्या वर्गात सुमारे १५० जागा होत्या आणि १,६०१ अर्ज आले होते. कॉलेजच्या शेवटच्या दोन वर्षांच्या ग्रेड आणि एलसॅट यांच्यावरून प्रत्येकाचा एक अंदाजी आकडा काढला जाई. ७७ च्या वर असलेले अर्ज येतील तसे समिती बघे. ७४.५ च्या खालचे अध्यक्षांकडे जात आणि त्यांना ते तिथेच नाकारता येत. मार्को डिफ्युनिस या विद्यार्थ्याचा आकडा होता ७६.२३. प्रवेश नाकारल्यावर तो कोर्टात गेला. अल्पसंख्याक अर्जदारांना वेगळी पद्धत लावली, अशी त्याची तक्रार होती. खालच्या कोर्टाच्या आदेशाने त्याला प्रवेश मिळाला आणि १९७४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं तेव्हा तो शेवटच्या सत्रात होता, म्हणून मूळ प्रश्नावर निकाल झालाच नाही. मला त्या जुन्या सूत्रातली एक गोष्ट मात्र आवडते: शेवटची दोन वर्षं. घरापासून पहिल्यांदा दूर गेलेल्या पोराचं पहिलं वर्ष त्यात येत नव्हतं.

आपल्याकडची रीत वेगळी आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीला खुल्या वर्गासाठी ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. हा उंबरठा. तो ओलांडला की महाराष्ट्रात २०१६ पासून सीईटीच्या गुणांवर यादी लागते. ४६ टक्केवाला आणि सुवर्णपदकवाली एकाच बाकावर येतात. पडून उठलेल्यांसाठी ही रीत दयाळू आहे. पण तीन वर्षं नेटाने अभ्यास केलेल्या मुलीला सीईटीच्या दिवशी ताप आला तर तिच्या त्या तीन वर्षांना कुणी विचारत नाही, हेही खरं.

पुण्या-मुंबईहून थेट अमेरिकेच्या जेडीला अर्ज करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. अमेरिका-कॅनडाबाहेरच्या पदवीचा एलसॅक जीपीए काढतच नाही. तुमच्या गुणपत्रिका तपासून 'उत्कृष्ट', 'सरासरीपेक्षा वर', 'सरासरी' अशा अर्थाचा शेरा देतं. त्यामुळे ६२ टक्क्यांना २५ ने भागून २.४८ जीपीए काढायचा आणि रात्रभर झोपायचं नाही, हा उद्योग करू नये. आपल्या विद्यापीठांत फर्स्ट क्लास म्हणजे काय, हे तपासणाऱ्यांना ठाऊक असतं. तुमचा आकडा मध्यकातही धरला जात नाही. अर्थात मग एलसॅटवरचा भार वाढतो.

भाचीच्या हातात एकच गोष्ट उरली होती. अर्जासोबत त्या ग्रेडबद्दल छोटं टिपण जोडता येतं. तिने दीड पान लिहून मला पाठवलं. त्यात माफी होती, केमिस्ट्रीच्या सरांबद्दलची नाराजी होती, आईची धावपळ होती. आम्ही दोघींनी फोनवर ते आठ ओळींवर आणलं: काय झालं, कधी झालं, पुन्हा परीक्षा देऊन काय मिळालं, त्यानंतरच्या ग्रेड कशा आहेत. तारखेपाशी येऊन ती थबकली. ऑपरेशन नऊ डिसेंबरला झालं की दहाला, ते तिला आठवेना. मागून तिचे बाबा म्हणाले, "थांब, माझ्या फाइलमध्ये डिस्चार्जचा कागद आहे," आणि तो आणायला उठले.