गणितातील डॉक्टर आणि संगणकाचा हिशेब

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरबस्तानातील धाहरान येथे अमेरिकी सैन्याच्या बराकीवर एक इराकी क्षेपणास्त्र कोसळले व २८ सैनिक मृत्युमुखी पडले. त्यास वाटेत अडविणारी ‘पेट्रियट’ यंत्रणा त्या वेळी चालू होती. चुकला तो तिचा हिशेब. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजीत असे. एक दशांश आपण ०.१ असा सहज लिहितो. परंतु संगणकाच्या द्विमान पद्धतीत तो लिहू गेल्यास अंकांची रांग संपतच नाही. यंत्रणेत ती चोवीस अंकांच्या जागेत बसेल अशी तोडलेली होती. राहिलेली चूक एक कोट्यंशाहूनही लहान. पण सुमारे शंभर तासांत असे ३६ लाख दशांश मोजले गेले, आणि घड्याळ सेकंदाच्या एक तृतीयांशाने मागे पडले. तेवढ्या अवधीत क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते!

अशी चूक किती वाढेल हे आधीच सांगणे, हे गणिती आज्ञावल्या रचणाऱ्या अभियंत्याचे काम होय. इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील जेम्स विल्किन्सन यांनी या शास्त्राचा पाया भक्कम केला. १९७० चे ट्यूरिंग पारितोषिक त्यांस लाभले.

या व्यवसायात डॉक्टरेट मिळविलेल्यांना विशेष स्थान आहे. क्लीव्ह मोलर यांनी १९६५ मध्ये स्टॅनफर्ड येथे ती मिळविली. पुढे विद्यार्थ्यांची फोर्ट्रान भाषेतील लेखनाची यातायात वाचावी म्हणून त्यांनी ‘मॅटलॅब’ रचले, व १९८४ मध्ये त्यातून एक कंपनी उभी राहिली. त्यांचे शिष्य जॅक डोंगारा १९८० मध्ये डॉक्टर झाले. ‘लिनपॅक’ व ‘लॅपॅक’ या संग्रहांच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा असून २०२१ चे ट्यूरिंग पारितोषिक त्यांना मिळाले.

तथापि प्रबंध लिहिता आला म्हणजे आज्ञावली लिहिता येतेच असे नाही. प्रबंधाचा वाचक जाणता असतो. आज्ञावली वापरणारा बहुधा आतील गणित पाहतही नाही. म्हणून चाचण्या घेणे, माहितीपुस्तिका लिहिणे ही कंटाळवाणी वाटणारी कामेही डॉक्टरांना करावी लागतात.

कामाचा एक नमुना पाहा. क्ष² − १०,००,००,०००क्ष + १ = ० या वर्गसमीकरणाचे लहान मूळ शाळेतील सूत्राने, सुमारे सोळा अंकांपर्यंत अचूक असलेल्या संगणकावर काढले, तर जवळजवळ समान अशा दोन संख्यांची वजाबाकी होते व उत्तर सुमारे एक चतुर्थांशाने चुकते. जाणकार अभियंता आधी मोठे मूळ काढतो आणि दोन्ही मुळांचा गुणाकार १ असल्याने १ ला त्याने भागतो.