एक नंबरचा खेळाडू

मित्रांनो, फुटबॉल खेळायला जमलात, भिडू वाटून झाले, की एक प्रश्न हमखास येतो. ‘गोलात कोण?’ लगेच सगळे इकडंतिकडं बघायला लागतात. कुणाच्या बुटाची नाडी सुटते, कुणाला तहान लागते! शेवटी जो सगळ्यांत लहान, नाहीतर ज्याला पळायचा कंटाळा, त्याला खांबांच्या मध्ये ढकलून देतात. ‘तू नुसता उभा राहा रे!’

नुसतं उभं राहायचं? अहो, स्पर्धेत उतरणाऱ्या संघात ही जागा अशी कुणालाही देत नाहीत. १ नंबरची जर्सी बहुधा गोलकीपरच्या अंगात असते, आणि कामही तसंच असतं.

मोठ्यांच्या मैदानावरचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. करा गुणाकार. १९२ चौरस फूट! एखाद्या मोठ्या खोलीच्या फरशीएवढा दरवाजा, आणि राखायला माणूस एक. लहान गटांसाठी गोलही लहान ठेवतात, पण राखणदार एकटाच.

त्याला हात वापरायची मुभा असते खरी, पण नियम हळूहळू कडक होत गेले. १९१२ पर्यंत गोलकीपर आपल्या अर्ध्या मैदानात कुठंही चेंडू हाताळू शकत असे. मग ही मुभा फक्त पेनल्टी एरियापुरती उरली. १९९२ मध्ये आणखी एक नियम आला. आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू हातात घ्यायचा नाही. म्हणजे गोलकीपरला पायानंही खेळता यायला हवं! २०२५ पासून तर चेंडू ८ सेकंदांहून जास्त वेळ हातात धरला, तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो.

सुतळीचा प्रयोग

चला, एक प्रयोग करू. दोन लांब सुतळ्या घ्या. एकेक सुतळी एकेका गोलखांबाला बांधा. दुसरी टोकं ११ मीटरवर ठेवलेल्या चेंडूपाशी आणून एकत्र करा. आता तुम्ही गोलरेषेवर, खांबांच्या बरोबर मध्ये उभे राहा. दोन्ही बाजूंना केवढी मोकळी जागा दिसते, नाही का? आता दोन्ही सुतळ्यांच्या मधोमध राहून चार-पाच पावलं चेंडूकडे चाला. दोन्ही सुतळ्या तुमच्याजवळ येत जातील. गोल तेवढाच, तुम्हीही तेवढेच, पण चेंडूला जायची वाट अरुंद झाली!

चांगला गोलकीपर चेंडू येण्याआधीच असा जागा बदलत असतो. फार पुढं गेलात, तर मात्र चेंडू डोक्यावरून आत जायचा, बरं का! किती पुढं जायचं, हे सरावानंच कळतं.

उडी मारू की थांबू?

पेनल्टीचा फटका ताशी ९० किलोमीटर वेगानं आला, तर ११ मीटर अंतर तो अर्ध्या सेकंदाच्या आतच कापतो. म्हणून गोलकीपर बहुतेक वेळा अंदाजानंच उडी घेतो.

इस्रायलमधल्या संशोधकांनी मोठ्या स्पर्धांमधल्या २८६ पेनल्टी किक तपासल्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. शंभरातले जवळजवळ २९ फटके मधल्या भागात आले होते. पण गोलकीपर जागेवर थांबले होते शंभरात फक्त सहा वेळा! खरं तर मध्ये थांबून चेंडू अडण्याची शक्यता जास्त होती. मग ते थांबले का नाहीत? उडी मारून गोल झाला, तर लोक म्हणतात, ‘बिचाऱ्यानं प्रयत्न तरी केला.’ उभा राहून झाला, तर म्हणतात, ‘बघत काय बसला होता?’ लोक काय म्हणतील, ही धास्ती मोठमोठ्या खेळाडूंनाही सुटत नाही. मग तेरा-चौदा वर्षांच्या पोराचं काय होत असेल?

नऊ गोल आणि एक शून्य

२०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या विश्वचषकात भारत पहिल्यांदाच खेळत होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीला होता, आणि गोलात होता मणिपूरचा धीरज सिंग. अमेरिकेविरुद्ध ०-३, कोलंबियाविरुद्ध १-२, घानाविरुद्ध ०-४. तीन सामने, तीन पराभव, भारतावर ९ गोल! पण धीरजनं अडवलेले फटके प्रेक्षकांनी पाहिले होते. हरलेल्या संघातल्या या गोलकीपरचं सगळीकडं कौतुक झालं.

पुढं २०२१ मध्ये एफसी गोवा हा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पहिलाच सामना कतारच्या अल रय्यानशी. गोलात पुन्हा धीरज. निकाल ०-० ! आधीचे नऊ गोल मनात धरून तो बसला असता, तर हा दिवस दिसला असता का? झालेला गोल जाळ्यात सोडून पुढच्या चेंडूकडं बघायचं, हाच गोलकीपरचा खरा धडा.

आता थोडं आई-बाबांशी

आघाडीच्या खेळाडूनं पाच संधी वाया घालवून एक गोल केला, की आपण त्याला खांद्यावर घेतो. गोलकीपरनं पाच फटके अडवले आणि सहावा सुटला, की मैदानाच्या कडेनं आपणच ओरडतो. चेंडू त्याच्यापर्यंत आला, तो इतर दहा जणांना चुकवूनच ना? तेव्हा घरी जाताना ‘तो कसा सुटला?’ असं विचारू नका. ‘आज कोणता चेंडू अडवताना मजा आली?’ असं विचारा. मूल आपणहून चुकीबद्दलही बोलेल.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी तीन गोष्टी. कमरेखालचा चेंडू घेताना दोन्ही करंगळ्या जवळ आणा आणि शरीर चेंडूच्या मागं ठेवा. चेंडू आपला असेल, तर मोठ्यानं ‘कीपर!’ असं ओरडा. आणि गोलाच्या आडव्या खांबाला कधीही लोंबकळू नका, नीट न रोवलेला गोल अंगावर कोसळू शकतो.

उद्या मैदानावर पुन्हा तोच प्रश्न येईल. ‘गोलात कोण?’ नाडी बांधायला खाली वाकू नका. हात वर करा आणि खुशाल म्हणा, ‘मी!’